कारवीची जागा

पापाच्या तिकटीला माझं दुकान.
देव, लग्नं आणि गेलेली माणसं
काचेखाली घालणं, हा धंदा.
गगनबावड्याच्या एसटीनं चांगुणा मुकणे आली
गोणपाटात गुंडाळलेलं चित्र काखेत धरून,
जशी कोणी कोंबडी धरावी
बाजारात नेलेली, पण विकायची नसलेली.

मंडळाचा माणूस बरोबर होता.
पन्हाळा ते रंकाळा, बायकांची शर्यत, म्हणाला,
पहिल्या नंबराला हे. आदिवासी कला.
सोनेरी पट्टी टाका, आणि बिल
ट्रॉफ्यांच्या बिलातच धरा.

मी सुतळी सोडली.
सोनकी होती, सड्यावर सांडलेली.
सीतेची आसवं, निळी, नखाएवढीसुद्धा नाहीत.
तेरडा, गेंद, उलट्या पाकळ्यांची कळलावी,
आणि खरचुडीचा एक कंदील,
आत अडकलेली माशीसुद्धा काढलेली,
पाय हलवत असलेली.
अठ्ठावीस बाय बावीस, मी माप लिहिलं.
उजव्या कोपऱ्यात वीतभर कापड
तसंच कोरं.

हे राहिलं काय, बाई?
राहिलं नाही, ती म्हणाली. कारवीचं आहे.
आमच्या डोंगराला अजून तिचं वरीस आलं नाही.
सात वर्सांनी येती.
फुललीच नाही तर काढू कशी?

मंडळाच्या माणसाला हे ऐकूच आलं नाही.
जागा मोकळी आहे तर
दूधवाल्यांचं नाव बसंल की तिथं,
त्यांनीच तर मांडव दिलाय.
संध्याकाळी स्टिकर घेऊन आला.
चांगुणा तोवर शेवटची गाडी गाठायला गेली होती.
मी स्टिकर लावला.
काचेवर लावला, कापडावर नाही.
काच पुसता येते.

शर्यत तरन्नुम नदाफनं मारली.
पेपरात फोटो आला: चित्र छातीशी,
हनुवटीखाली दुधाचं नाव.
चौथ्या दिवशी ती दुकानात.
काका, हे घेता का विकत?
दुसऱ्या नंबराला सायकल होती.
रंकाळ्याच्या वळणावर
मी जरा दमले असते, तर बरं झालं असतं.
घरी लावू म्हटलं तर भिंतच नाही.
तिन्ही बाजूंनी पत्रा, चौथीला अब्बूंचा कापूस.
खिळा ठोकला की शेजारच्यांच्या खोलीत निघतो.

मी ब्लेड घेतलं, चिंधीला रॉकेल लावलं
आणि दुधाचं नाव खरवडायला बसलो.
ती उगाच बघत होती.
मग वाकून बघायला लागली.
थांबा, म्हणाली.
ही निळी मी बघितलीयत. मसाई पठारावर.
सर पहाटे पळायला नेतात ना,
दव असतं, खाली बघायचं नसतं, घड्याळ बघायचं असतं.
तिनं एक पाय उचलला,
बुटाचा तळ निरखला,
जणू अजून काही चिकटलेलं असेल.

नको विकायला, म्हणाली. ठेवा तुमच्याकडं.
भिंत झाली की नेते.

मी पावती फाडली. तीस वर्षांत पहिल्यांदा
काय लिहावं हे कळेना.
शेवटी लिहिलं:
चित्र एक, फ्रेमसह, ठेव म्हणून.
मालक तरन्नुम नदाफ.
कोपरा चांगुणा मुकणे यांचा.

आता ते गल्ल्यामागं आहे,
एका बाजूला चंदनाचा हार घातलेले कुणाचे तरी आजोबा,
दुसऱ्या बाजूला न नेलेला दत्त.
गिऱ्हाईक किंमत विचारतं.
पुरं झालेलं नाही, मी सांगतो.
बघून तर पुरं वाटतंय की, म्हणतात.

मागची खिळपट्टी मी पक्की केलेली नाही.
नुसत्या चार टाचण्या.
आणि गगनबावडा गाडीचा एक कंडक्टर
चहाला इथंच थांबतो, त्याला विचारतो,
काय हो, कारवी?
तो बशीत फुंकर घालतो.
अजून न्हाई.